घोडे बदलायच्या गावात बुलेटचा कॅम

गेल्या पावसाळ्यात बेलवलीला आमच्या घराच्या पडवीत जुन्या वर्तमानपत्रावर चार कॅम मांडून ठेवले होते. दोन मामांच्या १९७४च्या बुलेटमधून काढलेले, तेल पिऊन काळे पडलेले. दोन मी ऑनलाइन मागवलेले, कोरे, चकचकीत. नव्या डब्यावर ठळक अक्षरांत 'परफॉर्मन्स' लिहिलं होतं.

कॅममध्ये बघण्यासारखं तसं काही नसतं. तळहातावर मावेल एवढं दातेरी चाक, आणि त्याच्या अंगाला अंड्यासारखा एका बाजूने फुगलेला पोलादाचा तुकडा. जुन्या ३५० बुलेटमध्ये असे दोन असतात, एक इनटेकचा आणि एक एक्झॉस्टचा. पण गाडी कुठे ओढेल आणि कुठे दम टाकेल, चढावर गियर पाडावा लागेल की नाही, सिग्नलला उभी असताना 'धप धप' करेल की फुरफुरेल, यातलं बरंच काही त्या फुगवट्याच्या आकारात आधीच ठरलेलं असतं.

माझी तक्रार साधी होती. गाडी ओढत नव्हती. बारवी धरणाच्या रस्त्याने मुरबाडला पोचेपर्यंत ठीक, पण माळशेजचा चढ लागला की तिसऱ्या गियरमध्ये रडायची. मागून मित्रांच्या नव्या गाड्या हात दाखवून पुढे जायच्या. उपाय मला मोबाइलवर सापडला होता: कॅम बदला.

बदलापूर हे नाव कसं पडलं, याची एक गोष्ट आमच्याकडे सांगतात. शिवकाळात या वाटेने जाणारे स्वार इथे थकलेले घोडे बदलून ताजे घ्यायचे, म्हणून बदलापूर. खरंखोटं इतिहासकार जाणोत, पण कॅम बदलणं म्हणजे मला तसंच वाटलं होतं. थकलेला घोडा सोडायचा, ताजा घ्यायचा. आमच्या शेजारचे काका अंबरनाथच्या एका कारखान्यात आयुष्यभर मशीनशॉपमध्ये होते. त्यांनी डबा हातात घेऊन एकच विचारलं, "हा कुठल्या रस्त्यासाठी बनवलाय?"

मला सांगता आलं नाही. या लेखाची सुरुवात त्या प्रश्नातून झाली.

फुगवटा काय करतो?

चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं आणि एकदा सोडतं. म्हणून कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे मारत असेल, तर प्रत्येक वॉल्व्ह मिनिटाला १,५०० वेळा, म्हणजे सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. बुलेटमध्ये कॅम खाली, उजव्या बाजूच्या टायमिंग कव्हरमागे असतात. फुगवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर वॉल्व्हला खाली दाबतो. उखळात मुसळ पडावं तसं, फक्त इथे मुसळ खालून वर येतं.

फुगवट्याची उंची म्हणजे लिफ्ट, वॉल्व्ह किती उघडणार ते. फुगवट्याची रुंदी म्हणजे ड्युरेशन, किती वेळ उघडा राहणार ते. हा वेळ क्रँकच्या अंशांत मोजतात. समजा, पिस्टन वर पोचण्याआधी ३० अंशांवर इनटेक उघडला आणि पिस्टन तळाला जाऊन परत फिरल्यावर ६० अंशांनी मिटला. मधले १८० धरून झाले २७० अंश.

पिस्टन वर यायला लागल्यावरही इनटेक उघडा का ठेवायचा? कारण हवेलाही वजन असतं. इंजिन वेगात असेल तर आत घुसणारी हवा लोकलच्या दारातल्या गर्दीसारखी असते. पुढचा थांबला तरी मागचे रेटतच राहतात. पिस्टन वर येत असूनही हवा आत येत राहते, सिलिंडर जास्त भरतो, ताकद वाढते. पण इंजिन सावकाश फिरत असेल तर तो रेटा नसतो. मग वर येणारा पिस्टन आत आलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण उघड्या दारातून परत कार्ब्युरेटरकडे ढकलतो. सिलिंडर अर्धपोटी राहतो.

म्हणजे जास्त ड्युरेशनचा कॅम ताकद निर्माण करत नाही, ती सरकवतो. खालच्या आरपीएमची काढून वरच्या आरपीएमला नेऊन ठेवतो. बहुतेक 'परफॉर्मन्स' कॅमचं मर्म इतकंच आहे. तुम्ही त्या वरच्या आरपीएमला कधी जाणारच नसाल, तर तुम्ही पैसे देऊन ताकद कमी करून घेतलीत.

दोन कारखाने, एकाच मापाची दोन इंजिनं

आपल्याला ओळखीची बुलेट १९४८-४९ साली इंग्लंडमधल्या रेडिच गावात आकाराला आली. बर्मिंगहॅमच्या दक्षिणेचं हे गाव सुयांसाठी प्रसिद्ध होतं, आणि रॉयल एनफिल्डची मुळंही एका सुया बनवणाऱ्या कारखान्यातच आहेत. पुढे बंदुकांचे सुटे भाग आले आणि 'बंदुकीसारखी घडवलेली' हे ब्रीद आलं. टोनी विल्सन-जोन्स आणि टेड पार्डो या अभियंत्यांच्या हातून आलेल्या त्या इंजिनाचा बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर, क्षमता ३४६ सीसी.

रेडिचपासून फार दूर नाही, बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथमध्ये बीएसएचा कारखाना होता. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, तेही मूळचे बंदूकवाले. त्यांची गोल्ड स्टार ही त्या काळातल्या पोरांच्या स्वप्नातली गाडी. नावामागेही शर्यत आहे. १९३७ साली ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर वॉल हँडली या स्वाराने बीएसएवर ताशी १०० मैलांहून अधिक वेगाची फेरी मारली आणि त्याला सोन्याच्या ताऱ्याचा बिल्ला मिळाला. युद्धानंतरच्या ३५० गोल्ड स्टारचा बोअर ७१ मिलिमीटर, स्ट्रोक ८८. क्षमता ३४८ सीसी.

आकडे पुन्हा बघा. ७० बाय ९० आणि ७१ बाय ८८. सिंगल सिलिंडर दोन्हीत, पुशरॉड दोन्हीत. तरी गाड्या दोन वेगळ्या जगांतल्या. गोल्ड स्टार घेताना गिऱ्हाईक सांगायचं की मला टूरिंगला हवी, ट्रायल्सला हवी, स्क्रँबल्सला की शर्यतीला, आणि त्याप्रमाणे कॅम, कॉम्प्रेशन, कार्ब्युरेटर, गियर यांचा संच ठरायचा. कॅम एकटा कधीच निवडला जात नव्हता. शर्यतीच्या संचातली ५०० गोल्ड स्टार ट्रॅकवर वाघ होती, पण सिग्नलला धड आयडल राहत नसे, आणि पहिला गियर इतका लांब की सुटताना क्लच बराच वेळ अर्धा दाबून धरावा लागे.

बुलेटने दुसरा रस्ता धरला. तिचं नाव झालं ते चिखल-दगडांच्या ट्रायल्समध्ये. १९५२ साली जॉनी ब्रिटन याने स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल बुलेटवर जिंकली. ट्रायल म्हणजे वेगाची शर्यत नव्हे. पाय जमिनीला न टेकवता, धिम्या गतीने, खडकांवरून चढायचं. तिथे गाडी खालच्या आरपीएमला न गुदमरता ओढली पाहिजे. रस्त्यावरच्या बुलेटचा स्वभावही त्याच घरातला होता: मऊ, खालून ओढणारा.

मद्रासला आलेला स्वभाव

याच गाड्या १९५०च्या दशकात भारतीय सैन्यासाठी मागवल्या गेल्या. १९५५ साली मद्रास मोटर्स आणि रेडिचची कंपनी यांनी मिळून एनफिल्ड इंडिया स्थापन केली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला कारखाना उभा राहिला. सुरुवातीला भाग इंग्लंडहून यायचे आणि इथे जुळायचे, पुढे इथेच बनू लागले. १९६७ साली रेडिचचा कारखाना बंद झाला. सत्तरीच्या सुरुवातीला बीएसएचाही कारभार आटोपला. मद्रासची बुलेट मात्र चालत राहिली. ओतीव लोखंडी सिलिंडरचं ते इंजिन एकविसाव्या शतकाचं पहिलं दशक सरत आलं तेव्हा निवृत्त झालं.

आता इथे सावध राहायला हवं. 'शर्यत जिंकणारा कॅम मेला आणि शांत कॅम जगला' असं वाक्य लिहायचा मोह होतो, पण तो खोटा इतिहास होईल. बुलेट टिकली याचं मोठं कारण परवाना राज होतं. परदेशी गाड्यांना दार बंद, देशात मोजक्याच कंपन्या. लोकांपुढे पर्याय नव्हते.

पण एक गोष्ट खरी की हा स्वभाव इथल्या परिस्थितीला बसला. त्या काळातलं आपलं पेट्रोल कमी ऑक्टेनचं, कॉम्प्रेशन सातच्या आसपास. रस्ते खड्ड्यांचे, मागे दोन माणसं नाहीतर दुधाच्या किटल्या, सर्व्हिस गावातल्या मिस्त्रीकडे. कागदावर ताकद १८ हॉर्सपॉवर, तीही ५,६२५ आरपीएमला. तिथवर रोजच्या वापरात कोण जातं? चौथ्या गियरमध्ये ताशी ६० किलोमीटरला हे इंजिन तीन हजारांच्या आतच फिरत असतं. बुलेटचा स्वार आयुष्य काढतो ते दीड ते साडेतीन हजारांच्या मधल्या पट्ट्यात.

मग आपल्याकडे गाड्या पळवायची हौस नव्हती का? भरपूर होती. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर वर्षानुवर्षं शर्यती झाल्या. पण गल्लीतल्या मिस्त्रीची करामत मुख्यतः टू-स्ट्रोक गाड्यांवर चालायची: जावा, येझदी आणि १९८५नंतर यामाहा आरएक्स १००. टू-स्ट्रोकला कॅम नसतोच. सिलिंडरच्या भिंतीतली भोकं, म्हणजे पोर्ट, तेच काम करतात. कानस घेऊन पोर्ट थोडा वर घासला की झालं ट्यूनिंग. कॅमचं तसं नाही. त्याचा आकार बदलायला नेमकं ग्राइंडिंग लागतं, वरचा कडक थर सांभाळावा लागतो. घासलेला कॅम चुकला तर थेट भंगारात. म्हणून आपल्या गॅरेजच्या भाषेत पोर्टिंग, पिकअप, पुलिंग, फायरिंग असे शब्द रुळले, पण 'ड्युरेशन किती?' असं विचारणारा गिऱ्हाईक क्वचितच दिसायचा. आता कॅम घरपोच येतो. प्रश्न विचारायची सवय मात्र त्याच्यासोबत डब्यात येत नाही.

पडवीतलं मोजमाप

माझ्या डब्यातही ती आली नव्हती. विक्रेत्याने लिफ्ट दिली नव्हती, अंश दिले नव्हते. फक्त 'जास्त पॉवर'. काका म्हणाले, "मग आपणच मोजू. त्याला काय लागतं?"

लागलं ते इतकंच: ३६० अंशांची कागदावर छापलेली चकती, ती चिकटवायला जुनी सीडी, काटा म्हणून वाकवलेली तार आणि काकांचा डायल गेज. चकती क्रँकवर बसवली, पिस्टनचं सर्वांत वरचं स्थान शोधलं आणि पाच-पाच अंशांनी क्रँक फिरवत टॅपेट किती उचलला जातो ते वहीत लिहीत गेलो. आधी जुने कॅम, मग टायमिंग गियरच्या खुणा जुळवून नवे.

दोन गोष्टी कळल्या. नवा इनटेक कॅम जुन्यापेक्षा बराच उशिरा मिटत होता. आणि जुन्या एक्झॉस्ट कॅमचा माथा झिजून सपाट झाला होता. इनटेक कॅम जेवढा उचलत होता, त्याहून हा जवळजवळ एक मिलिमीटर कमी उचलत होता. टॅपेटच्या तळाला खड्डा पडला होता. गाडी ओढत नव्हती ती कॅम जुन्या धाटणीचा होता म्हणून नव्हे. कॅम उरलाच नव्हता म्हणून.

तरीही मी हट्ट सोडला नाही. "काका, बदलायचाच आहे तर जास्त पॉवरचा का नको?"

त्यांनी वहीचं पान उलटलं आणि एक गणित मांडलं. स्ट्रोक ९० मिलिमीटर म्हणजे पिस्टन एका फेऱ्यात १८० मिलिमीटर प्रवास करतो. ५,६२५ आरपीएमला त्याचा सरासरी वेग होतो सेकंदाला सुमारे १७ मीटर. नव्या कॅमची ताकद जिथे येणार, त्या ७,०००ला होतो २१ मीटर. तुलनेला पहिली पल्सर १५० घ्या. आपल्या पुण्याच्या बजाजने २००१ साली आणलेल्या त्या गाडीचा स्ट्रोक ५६.४ मिलिमीटर. ती साडेआठ हजारांना किंचाळते तेव्हाही पिस्टनचा वेग १६ मीटरच्या आसपासच राहतो. आखूड स्ट्रोकच्या इंजिनाला जे खेळणं आहे, ते लांब स्ट्रोकच्या इंजिनाला जिवावरचं दुखणं.

त्यातही वेग वाढतो त्याच्या वर्गाच्या पटीत कनेक्टिंग रॉडवरचा ताण वाढतो. ५,६२५ वरून ७,०००, म्हणजे वेग चोवीस-पंचवीस टक्क्यांनी वाढला, पण ताण सुमारे ५५ टक्क्यांनी. आणि हा सगळा ताण झेलणार कोण? बिग एंडमधला फ्लोटिंग बुश, पन्नास वर्षं जुना रॉड आणि त्या काळच्या हिशेबाने बनवलेला ऑइल पंप. रॉड तुटला तर तो क्रँककेस फोडून बाहेर येतो. ज्या क्रँककेसवर मामांच्या आरसी बुकातला इंजिन नंबर कोरलेला आहे, ती दुसरी मिळत नाही.

कॅम निवडायचा क्रम मी त्या दिवशी शिकलो, तो असा. आधी तुमचा रस्ता कुठल्या आरपीएमला चालतो ते बघा. मग इंजिनाचा खालचा भाग किती फेरे सोसेल ते बघा. मग बाकीचा संच: कार्ब्युरेटर, सायलेन्सर, वॉल्व्हच्या स्प्रिंगा, पिस्टन. कार्ब्युरेटर लहान आणि सायलेन्सर बंदिस्त असेल, तर मोठा कॅम म्हणजे नाक दाबून दीर्घ श्वास घ्यायला सांगणं. लिफ्ट वाढवली असेल तर वॉल्व्ह पिस्टनला आपटत नाही ना, हे पिस्टनवर लहान मुलांच्या क्लेची गोळी ठेवून, इंजिन हाताने फिरवून तपासा. आणि कॅम नवा तर टॅपेटही नवे. जुन्या खड्ड्यात नवा माथा फिरवलात तर तोही झिजणार. हे सगळं बघून झाल्यावर शेवटी कॅटलॉग उघडा.

यातून 'स्टँडर्डच घ्या' असाच निष्कर्ष निघतो, असं नाही. कुणी नवा रॉड, रोलर बिग एंड आणि जास्त तेल ओढणारा पंप बसवून, मोठा कार्ब्युरेटर लावून इंजिन बांधलं, तर त्याला वेगळा कॅम शोभेल. रस्त्यावरच्या गाडीला ड्युरेशन फार न वाढवता थोडी लिफ्ट वाढवलेला कॅमही चालतो, फक्त फुगवट्याची चढण तीव्र होते आणि स्प्रिंगांवर भार येतो. पण तो सगळा संच ठरवून घ्यायचा असतो, गोल्ड स्टारवाले घ्यायचे तसा.

शोकेस की रस्ता?

एक वळण अजून होतं. मामांच्या गाडीला २०२४ साली पन्नास वर्षं झाली. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, मोठे फेरबदल न झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण अशी गाडी नियमित वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, देखभाल, एवढ्यापुरतीच. दुसरीकडे रोजच्या रस्त्यावर ठेवायची तर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, आणि मूळ रचनेत मनमानी फेरफारांना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं.

म्हणजे गाडी जपायची तर चालवायची नाही, आणि चालवायची तर झिजणार. मी मामांना विचारलं. ते खुर्चीत बसून आमचे उद्योग बघत होते. म्हणाले, "अरे, उभी करून ठेवायला मी घेतली नव्हती. चालव. फक्त मला एकदा माळशेजला मागे बसवून ने."

मागे मामा, पुढे मी, पायथ्यापासून घाट. हा झाला रस्ता. काकांच्या प्रश्नाला उत्तर मिळालं. आम्ही मूळ धाटणीचे दोन नवे कॅम आणि दोन नवे टॅपेट घेतले. टायमिंग गियरवरच्या खुणा जुळवल्या. पुशरॉड थंड इंजिनात बोटांनी सहज फिरतो पण वर-खाली हलत नाही, इथवर ॲडजस्ट केला. कव्हर बंद केलं.

रॉयल एनफिल्डने २०२० साली आणलेल्या नव्या ३५० इंजिनात पुशरॉड नाहीत. एकच कॅम, तोही वर हेडमध्ये, साखळीने फिरणारा. पण बोअर ७२, स्ट्रोक ८५.८, म्हणजे अजूनही लांब, आणि जास्तीत जास्त ओढ ४,००० आरपीएमला. कोऱ्या कागदावर इंजिन काढायची संधी मिळाली तेव्हाही त्यांनी ताकद वर सरकवली नाही. रेडिचमध्ये निवडलेला तो स्वभाव सत्तर वर्षांनी पुन्हा निवडला. या वेळी परवाना राज नव्हतं, समोर हवे तितके पर्याय होते.

दसऱ्यानंतर आम्ही माळशेजला गेलो. मित्रांच्या नव्या गाड्या याही वेळी पुढे गेल्या. फरक इतकाच की घाटात तिसरा गियर पाडावा लागला नाही. वर पोचल्यावर मामा उतरले, इंजिनावर हात धरून ऊब बघितली आणि चहा सांगितला.

'परफॉर्मन्स'चा डबा अजून कपाटात आहे. त्यावर काकांनी मार्करने अंश लिहून ठेवलेत. ज्याचा रस्ता त्या अंशांशी जुळत असेल, त्याने येऊन घेऊन जावा.